नजरेची दोरी

गनी सर दाराकडं पाठ करून कधी बसले नाहीत. टपरीवर नाही, लग्नाच्या पंगतीत नाही, स्वतःच्या ऑफिसात तर नाहीच नाही. दाराकडं तोंड असलेली जागा कोणी आधीच अडवली असली, तर हा माणूस उभ्यानं चहा प्यायचा आणि वरून टपरीवाल्यालाच ऐकवायचा, की बाबा, तुझी बाकं उलटी लागली आहेत. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, कोण येणार आहे इथं? वाघ?"

सरांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "वाघ दारातून येत असता तं बरंच झालं असतं बेटा. दाराले कडी तरी लावता आली असती."

तेव्हा मी खो खो हसले होते. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

अब्दुल गनी शेख. चंद्रपुरात आमच्या डिप्लोमाच्या कॉलेजात ते इमारतीचा आराखडा शिकवायचे. देह किडकिडीत, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि शर्टाला शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेले दोन खिसे. डाव्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. उजव्या खिशात दोरीचं गुंडाळं. गवंडी विटांचा थर सरळ यावा म्हणून ताणून बांधतात ना, ती सुती दोरी. ती त्यांच्या खिशात दवाखान्यातही असायची आणि ईदगाहवरही असायची.

आणि सर भित्रे होते. आडपडदा कशाला ठेवू? भित्रे म्हणजे भित्रेच. पालीला भ्यायचे, लिफ्टला भ्यायचे, अनोळखी कुत्र्याला भ्यायचे. कोणत्याही स्लॅबखाली उभं राहायच्या आधी एकदा वर बघायचे. साइटवर कोणाच्या हातून घमेलं पडलं की दचकून दोन पावलं मागं सरकायचे. आम्ही त्यांची नक्कल करायचो. वर्गात आम्ही दोनच मुली, आणि नक्कल माझी सगळ्यात फक्कड व्हायची. हे सरांना माहीत होतं. एकदा मी "घमेलं" करून दाखवत असताना ते मागं उभेच होते. म्हणाले, "चांगलं करतेस. फक्त दचकल्यावर मी आधी दाराकडं पाह्यतो, ते तू इसरली."

पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला कागद वाटले. "आपापल्या घराचा नकाशा काढा. मापं चुकली तं चालते." आम्ही काढला. मग म्हणाले, "आता लाल पेन घ्या अन् घरात जिथी भीती वाटते तिथी फुली मारा."

पोरं हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, आमाले भीती नाई वाटत."

"मंग तुमी नकाशे काढाच्या भानगडीत पडू नका. पंक्चरचं दुकान टाका."

जिवतीकडचा एक मुलगा उभा राहिला. "सर, आमची एकच खोली हाये. फुली कुठी मारू?"

"बाहेर मार. एका खोलीच्या घराची भीती बाहेर असते."

मी आमच्या जिन्याखाली फुली मारली होती, पाण्याचा ड्रम असायचा तिथं. सरांनी विचारलं, "काऊन?" मी म्हटलं, अंधार आहे सर तिथं. त्यांनी मान हलवली. "अंधाराले कोणी भेत नाई. तिथी आपल्याले घरचं कोणी पाहून नाई राह्यलं, त्याले भेते माणूस." मी तोपर्यंत अठरा वर्षं त्या जिन्याखाली भीत आले होते, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. घरी जाऊन पाहिलं. खरंच, स्वयंपाकघरातून सगळं घर दिसायचं, तेवढा जिन्याखालचा कोपरा सोडून.

पुस्तकात होतं ते सर शिकवायचे. प्रमाण, तोल, लय, उजेड, वारा. पण शिकवून झालं की खडू ठेवायचे आणि म्हणायचे, "हे परीक्षेत लिवा, मार्क भेटतीन. पण माणसानं पहिलं घर शोभेसाठी नाई बांधलं, भेवानं बांधलं. भिंत कायले? भेव वाटते म्हणून. दार कायले? पळाले. खिडकी कायले? कोण येऊन राह्यलं ते पाह्याले. बाकी सारा रंग."

मग दोरी निघायची. फळ्यावर मोठा नकाशा काढलेला असायचा. दोरीचं एक टोक एकानं चुलीवर धरायचं, दुसरं दुसऱ्यानं दारावर. दोरी सरळ गेली तर ठीक. मध्ये भिंत आडवी आली तर सर म्हणायचे, "तुटली." याला ते नजरेची दोरी म्हणायचे. त्यांचा सगळा सिद्धांत एवढाच होता. घरातल्या प्रत्येक दारावर घरातला एक तरी डोळा पाहिजे. कॉलेजातले बाकीचे सर त्याला हसायचे, म्हणायचे, गनीमियाँचं शास्त्र खिशात मावतं.

हे सरांकडं आलं कुठून, तर त्यांच्या अब्बांकडून. अब्बा वडश्याचे सुतार. थंडीत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की गावोगाव मंच उभारायचे. नाटकवाले मंच उभा व्हायच्या आधी खळ्यावर चुन्यानं मंच आखून तालीम करायचे. इथून राजा येणार, इथून खलनायक, ही विंग, हा पडदा. सरांनी तेच उचललं. घर बांधायच्या आधी ते रिकाम्या प्लॉटवर चुन्यानं सगळं घर खऱ्या मापानं आखायचे आणि घरच्या माणसांना एक पूर्ण दिवस त्यात राहायला लावायचे. चुन्याच्या स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवा, चुन्याच्या दारातून या-जा करा, भिंतीवरून उडी मारायची नाही. "घराची तालीम," ते म्हणायचे. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि येडे आहेत म्हणून पुढं जायचे. मी तेव्हा डिप्लोमा करून त्यांच्याच ऑफिसात नकाशे काढायला लागले होते, त्यामुळं त्या येड्यांत मीही.

कोरपना गावातली तालीम मी विसरणार नाही. कापसाचा मोठा शेतकरी, नवं घर, समोर मोठा हॉल हवा होता त्याला, सिमेंट कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यात असतो तसा. म्हातारी आई होती, तिची खोली मागं, जिन्याच्या पलीकडं. सगळे हसत-खिदळत चुन्याच्या घरात फिरत होते. दुपारी सर म्हातारीला म्हणाले, "माय, तुमी आपल्या खोलीत जरा आंग टाका." म्हातारी चटईवर आडवी झाली. डोळे मिटले. पाचेक मिनिटांनी उठून बसली आणि अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाली, "अन् मी इथी मेली तं कोणाले कळंन?"

सरांनी दोरी काढली. म्हातारीच्या उशीपासून चुलीपर्यंत ताणली. मध्ये जिन्याची भिंत. "तुटली," सर म्हणाले. मालकाचा चेहरा पडला. हॉल लहान झाला, जिना सरकला, म्हातारी चुलीच्या नजरेत आली. मालक सरांशी महिनाभर बोलला नाही. पुढं म्हातारीला खरंच पहाटे लकवा मारला, तेव्हा चहा ठेवायला उठलेल्या सुनेनं तिची लटकलेली मान पाहिली आणि ती वाचली. त्या दिवशी मालकाचा फोन आला. सर फोनवर फक्त "हाव, हाव" करत राहिले आणि फोन ठेवल्यावर खुर्चीत बसले. म्हणाले, "अन् मी त्या दिवशी हॉलसाठी हो म्हटलं असतं तं?" या माणसाला चांगल्या बातमीचीसुद्धा भीती वाटायची.

पण या सिद्धांताला दुसरी बाजू होती आणि ती सांगितली त्यांच्या बायकोनं. आम्ही त्यांना चाची म्हणायचो. सरांनी स्वतःचं घर बांधलं ते असं, की कुठल्याही खोलीतून कुठलीही खोली दिसावी. मी पहिल्यांदा जेवायला गेले तर चाची पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "देख ले बेटा. इस घर में औरत को रोने के लिए एक कोना नहीं है. रोना आया तो बाथरूम में जाओ, और वहाँ भी ये बाहर से पूछेंगे, ठीक हो क्या."

सरांनी घास खाली ठेवला. पुढच्या महिन्यात गेले तर स्वयंपाकघराच्या बाजूला एक अर्धी भिंत उभी होती. तिच्यामागं चाचींची खुर्ची. कुठूनच दिसायची नाही. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नजर म्हणजे राखण बी हाये अन् पहारा बी हाये. हे मले लय उशिरा समजलं. माणसाले कोणी पाहू नये असं बी वाटते. बाईले तं जास्तच." हे सांगताना ते शहाणे झाल्यासारखे दिसत होते. आणि याच शहाणपणानं पुढं घात केला. माझं तर मत आहे, की आधीच्यासारखे हट्टी राहिले असते तर बरं झालं असतं.

वडश्याकडं, जंगलाला लागून, बेलटोला नावाची वस्ती आहे. धानाची शेती, कौलारू घरं, प्रत्येक घरामागं सांदवाडी, म्हणजे भाजीपाल्याची मागची बाग, मग काट्यांचं कुंपण आणि कुंपणापलीकडं थेट जंगल. ओळखीच्या एका संस्थेला तिथल्या कडेच्या नऊ घरांत संडास बांधून द्यायचे होते. नकाशा सरांनी काढला, मी कॉम्प्युटरवर चढवला. संडास सांदवाडीच्या टोकाला, दार घराकडं. चुलीपासून दारापर्यंत दोरी सरळ.

मग संस्थेच्या कार्यकर्तीचा फोन आला. बायका नाही म्हणतात. दार घराकडं म्हणजे ओसरीकडं आलं, आणि ओसरीवर सासरा बसलेला असतो, जेठ बसलेला असतो. त्यांच्या डोळ्यांदेखत टमरेल घेऊन आत शिरायचं? त्यापेक्षा झुडपात गेलेलं बरं. दार मागच्या बाजूला करा. तिकडं कोण पाह्यते? तिकडं तर जंगलच हाये.

सर खिडकीपाशी उभे राहिले. मला वाटतं, चाचींची ती अर्धी भिंत त्यांच्या डोळ्यांसमोर असावी. मी म्हटलं, "सर, तालीम घेऊ या का तिकडं जाऊन?" ते लाजले. खरंच, कानापर्यंत लाल झाले. "संडासाची तालीम कशी घेऊ बेटा? बायका काय म्हणतीन?" मग म्हणाले, "फिरव."

कॉम्प्युटरवर दार फिरवायला वेळ लागत नाही. एक बटण दाबलं की आरशात दिसतं तसं सगळं उलटं होतं. मी ते बटण दाबलं. नऊही दारं जंगलाकडं फिरली आणि मी दुसऱ्या कामाला लागले.

वर्ष गेलं. धान घरात आलं होतं, सकाळी धुकं पडायचं. त्या धुक्यात लहानूभाऊ भोयरांची बायको सखूबाई टमरेल घेऊन मागं गेली. लहानूभाऊ सांदवाडीतच शेकोटी करून बसले होते, संडासापासून पंधरा पावलांवर. ती संडासाच्या मागं वळली, मग दार वाजलं, मग पुन्हा वाजलं. बाहेर आल्यावर ती टमरेल उचलायला वाकली असणार. वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो, असं तिकडं सगळे सांगतात. वाघाचं नाव तिकडं घेत नाहीत, 'तो' म्हणतात. लहानूभाऊंना फक्त धप्प असा आवाज आला. त्यांच्या समोर संडासाची मागची भिंत होती. बायको पंधरा पावलांवर होती आणि ते भिंतीकडं बघत शेकत बसले होते.

कार्यकर्तीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा फोन स्पीकरवर होता. सरांनी एकच विचारलं, "दार कोणीकडं होतं?"

मग त्यांनी जुना नकाशा काढायला लावला. टेबलावर पसरला. खिशातली दोरी काढून चुलीवर एक टोक ठेवलं, दारावर दुसरं. दोरी भिंतीवरून गेली. ते बघत राहिले. "हे फिरवलं कोणं?"

"मी, सर. तुम्ही सांगितलं म्हणून."

"हाव," ते म्हणाले. "म्या सांगतलं." आणि खुर्चीवर बसले. मला रडू फुटलं, पण ते माझ्याकडं बघत नव्हते, दाराकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेलटोल्याला गेलो. वस्तीत कोणी शिवी दिली नाही, कोणी अंगावर आलं नाही. खाट टाकली, पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो अजून जवळपासच होता. वनखात्यानं झाडांना कॅमेरे बांधले होते, पिंजरा लावला होता, अंधार पडायच्या आत घरात जा म्हणून सांगितलं होतं. आणि आठ घरच्या बाया अजून त्याच दारांनी जात होत्या, दोघी-दोघी मिळून, थाळ्या वाजवत.

या वेळी तालीम झाली. सरांनी स्वतः चुना आखला आणि मग पुरुषांना घेऊन समाजमंदिरात जाऊन बसले. सांदवाडीत मी आणि बाया. आधी सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग एक म्हातारी पुढं झाली आणि चुन्याची रेघ पायानं पुसत म्हणाली, "दार घराकडंच ठेव, पण समोर ही एवढीशी आडभिंत घे. म्हणजे चुलीजवळची बाई पाह्यते, ओसरीवरच्या बुढ्याले काई दिसत नाई." मी दोरी ताणली. चुलीपासून सरळ लागली. ओसरीपासून तुटली. एवढं सोपं होतं. म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "आमाले इचारलं असतं तं आमी तवाच सांगतलं असतं." मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

आठ घरं तयार झाली. आठवड्याभरात आठ दारं फिरली. नववं घर लहानूभाऊंचं. सर त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले, तर ते आवाज न चढवता म्हणाले, "सर, माह्या भिंतीले एक डाव हात लावला तुमी. आता नको."

"भाऊ, सूनबाई हाये घरात."

"माही सून मी पाहीन."

सून वैशाली, सातवा महिना. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, आईचं दिवसपाणी करून पुन्हा परत गेला होता. शेजारणींनी आपल्या घरी ये म्हटलं, तर लहानूभाऊ त्यालाही नाही म्हणाले. आपल्या घरची सून टमरेल घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणार नाही. दुःखानं माणूस इतका आडमुठा होतो, मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. वैशाली मला एकटीला गाठून म्हणाली, "बाई, म्या पाणी पेणं कमी केलं. जेवण बी अर्धंच करतो. म्हणजे जा लागत नाई जास्त." तिचे ओठ फाटलेले होते.

हे मी सरांना सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "पोटात लेकरू हाये अन् पाणी पेत नाई?" आणि त्या दिवशी चंद्रपूरला परतलेच नाहीत. वस्तीतल्या मास्तरांच्या पडवीत पथारी टाकली.

दुसऱ्या दिवसापासून सर सकाळ-संध्याकाळ जाऊन बसायला लागले. लहानूभाऊंच्या कुंपणाच्या आत नाही, बाहेर. ती जमीन काही लहानूभाऊंची नव्हती. संडासाच्या दारासमोर, दाराकडं पाठ करून, जंगलाकडं तोंड करून. मांडीवर थाळी, हातात लाकडी दांडा. ज्या माणसानं आयुष्यात चहाच्या टपरीवर दाराकडं पाठ केली नाही, तो. आणि एक अडचण होती. आत गेलेल्या बाईला कसं कळणार की बाहेर माणूस आहे? परक्या पुरुषाशी संडासातून बोलणार कोण? वैशालीनं तोंडातून शब्द काढला नसता, मेली असती तरी. तेव्हा सरांनी दोरी काढली. एक टोक कुंपणातून, दाराखालच्या फटीतून आत. दुसरं स्वतःच्या मनगटाला. आतून तिनं ओढायची, बाहेरून त्यांनी ओढायची. बस, एवढंच.

मला दूरच्या शहरात नवी नोकरी लागली होती आणि रुजू व्हायचा दिवस जवळ आला होता. सर त्यानंतर तीन आठवड्यांनी गेले, चंद्रपुरात, स्वतःच्या घरी, दुपारच्या झोपेत. मी पोचले तोवर मयत उचलली होती. त्यामुळं मी पाहिलेले शेवटचे सर हे मी बेलटोल्याहून निघाले त्या सकाळचे.

पहिली बस फाट्यावर यायला अजून वेळ होता. उजाडलं होतं, पण धुकं होतं. मी सरांना सांगून निघावं म्हणून कुंपणाशी गेले. वैशाली नुकतीच आत गेली होती. सर पाठमोरे बसले होते. मी हाक मारणार तेवढ्यात जंगलात वानर खाकरलं. एकदा. मग पुन्हा. मग चितळ ओरडलं, तीक्ष्ण, जवळून. आणि मग सगळं एकदम गप्प झालं. चिमण्यासुद्धा.

माझे पाय जागीच राहिले. कुंपणापलीकडं गवत होतं, कमरेएवढं, आणि वारा नव्हता. वाऱ्याशिवाय गवत हललं की नाही, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. सरांची मान दिसत होती मला. मानेवरची शीर उडत होती. गुडघे थरथरत होते, इतके की मांडीवरची थाळी आपोआप वाजायला लागली. हा माणूस पालीला भ्यायचा. मला वाटलं, आता उठतील आणि पळतील. मी तर पळालेच असते.

दोरी ताणली गेली. आतून वैशालीनं ओढली होती. तिनंही ऐकलं होतं सगळं.

सरांनी मनगट हलवलं आणि दोरी ओढली. एकदा. मग तिनं पुन्हा ओढली, लगेच. त्यांनी पुन्हा ओढली. मग त्यांनी दांडा उचलला आणि थाळी बडवायला लागले, नजर गवतावर, मान जराही न वळवता, आणि दुसऱ्या हातानं दोरी ओढत राहिले, ओढत राहिले. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. दार वाजलं. वैशाली भिंतीला धरून वळली आणि घरात पळाली. तिच्या पायातली चप्पल तिथंच राहिली.

थाळीचा आवाज ऐकून लहानूभाऊ आले. सखूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच ते संडासाच्या त्या बाजूला वळले. कुंपण ओलांडून गवतापर्यंत गेले. ओल्या मातीत ताजे पंजे होते. सरांपासून त्यांनी पावलं मोजली, मोठ्यानं. वीस भरली. मग ते परत आले आणि बराच वेळ सरांकडं बघत उभे राहिले. सरांच्या पँटीचा पुढचा भाग ओला झाला होता. ते लपवत नव्हते.

"भेव नाई वाटला सर?"

"लय वाटला भाऊ. अजून वाटून राह्यला."

लहानूभाऊ वळले. घरात गेले आणि पहार घेऊन आले. म्हणाले, "चुना कुठी मारायचा ते सांगा."

सरांनी उठायचा प्रयत्न केला, पण पाय आखडले होते. बसूनच सांगितलं, या कोपऱ्यापासून फोडा भाऊ, इथी आडभिंत घेऊ. बसचा हॉर्न वाजला. मी कशीबशी "येते सर" म्हटलं. त्यांनी मान न वळवता हात वर केला.

फाट्यावर जाताना मी वळून पाहिलं. सर अजून तिथंच बसले होते, दोरी मनगटाला तशीच होती. वाटलं, आता काय बसलेत, बाई तर घरात गेली. मग दिसलं. लहानूभाऊ वाकून भिंतीच्या बुडाशी पहार घालत होते, आणि सर त्यांच्याकडं पाठ करून जंगलाकडं बघत होते.